पोटासाठी खाच

"काका, इलेक्ट्रिक गिटार कोणासाठी हवीये? मुलासाठी?"

लक्ष्मी रस्त्याजवळच्या त्या दुकानातल्या पोराने हे विचारलं आणि माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. शेजारी केस वाढवलेली तीन कॉलेजची पोरं उभी होती. त्यांच्यासमोर "माझ्यासाठी" म्हणण्याचं धैर्य मला झालं नाही.

"कितवीत आहे?"

"दहावी झाली."

यात खोटं काही नाही. झालीये माझी दहावी. १९९४ साली.

त्यानंतर कॉलेजात मी कॉलेजांच्या फिरोदिया करंडक स्पर्धेच्या तालमींना गिटार वाजवायचो. म्हणजे मागे बसून चार कॉर्ड. पण त्या चार कॉर्डवर मी वर्षभर कॅन्टीनमध्ये उधारीने चहा प्यायलोय. पुढे नोकरी लागली, गिटार मावसभावाकडे गेली, मावसभाऊ कॅनडाला गेला. यंदा दिवाळीत माळा साफ करताना तारा छेडायची जुनी पिक सापडली आणि सगळं पुन्हा उफाळून आलं. बजेट ठरलं पंचवीस हजार. "एवढ्यात घरघंटी येते," असं बायकोने फक्त एकदाच सांगितलं. एकदाच सांगितलेली गोष्ट आमच्या घरात जास्त दिवस टिकते.

"काका, पण त्याचा हात बघावा लागेल. त्याला घेऊन या ना."

"माझ्याएवढाच आहे त्याचा हात."

"आणि बांधा?"

"माझ्यावर गेलाय."

पोराने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि भिंतीवरून गिटार काढायला घेतल्या.

पहिली आली लेस पॉलच्या घडणीची. गिब्सनने १९५२ साली काढलेलं हे मॉडेल. हिच्या वाजत्या तारेची लांबी पावणेपंचवीस इंच, तर फेंडरच्या गिटारींची साडेपंचवीस. पाऊण इंचाने काय होतं, असं विशीत वाटायचं. आता कळतं. फ्रेट, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्या, जरा जवळ येतात, तारा जरा सैल लागतात आणि आखडलेल्या बोटांना माहेरी आल्यासारखं वाटतं. मी जवळजवळ "ही द्या" म्हणणार होतो, पण पट्टा खांद्यावर टाकला आणि कंबरेतून सूचना आली. मग मी खिशातून विमानाच्या बॅगा तोलायचा हुकाचा वजनकाटा काढला. (हो, घेऊन गेलो होतो. भाजीवाल्याकडे वजन बघतो, मग इथे का नको?) पट्टा हुकात अडकवून गिटार लोंबकळत धरली. चार किलो शंभर. तिन्ही पोरांनी वाजवायचं थांबवून बघितलं. चार किलो म्हणजे एक मोठं कलिंगड, आणि कलिंगड गळ्यात अडकवून कोणी तासभर उभं राहत नाही. माझ्या कंबरेतल्या एल-फोर एल-फाइव्ह मणक्यांनी तिथेच नकार कळवला.

दुसरी फेंडरच्या टेलिकास्टरच्या घडणीची. देखणी, सरळ स्वभावाची, पण अंगाने पोळपाटासारखी सपाट. बसून मांडीवर घेतली की तिची मागची कड बरोबर तिथे रुतते, जिथे माझी गेल्या पंधरा वर्षांतली सगळी श्रीखंडं जमा आहेत.

मग आली स्ट्रॅटच्या, म्हणजे स्ट्रॅटोकास्टरच्या घडणीची. १९५४ साली फेंडरने ही काढली तेव्हा तिच्या पाठीला पोटासाठी खाच दिली आणि पुढची कड कोपरासाठी उतरती केली. लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण ग्राहकाचं पोट कळत होतं! ती खाच माझ्या पोटावर अशी बसली की मला भरूनच आलं.

"वाजवून बघा ना, काका. मुलाला सांगता येईल."

मी 'एफ' कॉर्ड धरला. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं, अंगठा मागून दाबलेला. सहापैकी दोन तारा वाजल्या, बाकीच्यांनी फट् फट् केलं. अंगठ्याच्या मुळाशी कळ आली. दुकानात शांतता. पोर फार सभ्य निघालं.

"काका, मुलाला म्हणावं, रोज पंधराच मिनिटं वाजव. पहिले दोन आठवडे बोटं दुखतील, मग घट्टे पडतात. आणि तारा बारीक, नऊच्या लाव म्हणावं, दहाच्या नको."

"सांगतो," मी म्हणालो.

"आणि एक. हिचे पिकअप सिंगल कॉइल, एकेरी वेटोळ्याचे आहेत. जरा गुणगुणते."

मला वाटलं, गुणगुणते म्हणजे छानच की.

घरी अ‍ॅम्प लावला आणि कळलं. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती हजारो वेढे घेतलेली बारीक तार. ती तारांची थरथर जशी टिपते, तशी घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघरही. हंबकर नावाच्या दुसऱ्या जातीच्या पिकअपमध्ये उलटसुलट जोडलेली दोन वेटोळी असतात. चेअरमन आणि सेक्रेटरी एकमेकांविरुद्ध बोलले की सोसायटीत जसं काहीच घडत नाही, तशी तिथे घरघर मिटते. माझ्याकडे नुसता चेअरमन आला होता. ट्यूबलाइट बंद केली, पंखा बंद केला, स्वतः हळूहळू गोल फिरलो. फ्रिजकडे पाठ केली की जरा कमी व्हायची. तारांना हात लागला की बरीच कमी. सोडला की पुन्हा घर्रर्र.

"आणलीस शेवटी घरघंटी," आतून बायको म्हणाली.

आईने चाळीस वर्षं गाण्याच्या शिकवण्या केल्या. ती जपमाळ घेऊन दारात येऊन उभी राहिली. मी 'एफ' धरला, सोडला, पुन्हा धरला. तिने डोळे मिटले.

"पेटीची पांढरी पाच," ती म्हणाली. "किंचित चढी आहे."

मी फोनवर बघितलं. पांढरी पाचचा खालचा सूर ४९ हर्ट्झ, आमची वीज ५०. मी थक्क होऊन आणखी एक कॉर्ड वाजवला.

"अरे, थांब जरा," आई म्हणाली. "तू हात काढलास की सूर लागतो बघ."