अंदाज दिवसाचा, आभाळ तासाचं

एप्रिल लागला की आमच्या वसमतकडं हळद शिजवून वाळत पडलेली असते, कडब्याची गंजी रचायची राहिलेली असते, आणि नेमका तेव्हाच 'मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस' असा अंदाज येतो. पाऊस पलीकडच्या शिवारात पडतो. आपल्याकडं नुसतं वारं सुटतं. मग दुसऱ्या दिवशी मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एकच बोलणं: हवामान खात्याचं काही खरं नसतं बघा.

मला हे पटत नाही. खरं सांगायचं तर या बोलण्याची भीती वाटते, कारण असं म्हणणारा माणूस पुढच्या वेळी विजांचा यलो अलर्ट, म्हणजे सावध राहण्याचा इशारा, आला तरी पाऊस थांबेपर्यंत झाडाखाली उभा राहतो.

हवामान खात्याच्या हिशेबात 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हटलं तर २६ ते ५० टक्के. म्हणजे मराठवाड्यातल्या चार केंद्रांपैकी तीन कोरडी राहिली तरी 'तुरळक'चा अंदाज बरोबरच ठरतो. उन्हाळ्यातला वादळी ढग असतोच काही किलोमीटरचा आणि बहुतेक वेळा तासाभराचा. विदर्भापासून मराठवाड्यावरून कर्नाटकाकडं कमी दाबाचा पट्टा आला, बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून ओल आली, त्यात जमीन तापलेली, एवढं दोन-तीन दिवस आधी कळतं. पण ढग कोणाच्या बांधावर उभा राहील, हे आदल्या दिवशीही कोणाला सांगता येत नाही. म्हणून 'अमुक तारखेला अमुक गावात गारपीट' असे पंधरा दिवस आधीचे मेसेज पुढं ढकलू नका, ही हात जोडून विनंती. आंब्याच्या बागा असलेली माणसं ते वाचून घाबरतात आणि कच्चा माल उतरवून मोकळी होतात.

अंदाजानं दिवस सांगितला, तास आपल्याला आभाळ सांगतं. त्यासाठी ढग ओळखता आले पाहिजेत.

आज जगभर वापरात असलेल्या ढगांच्या नावांचा पाया लंडनच्या ल्यूक हॉवर्डनं १८०२ मध्ये घातला. तो औषधं बनवण्याच्या धंद्यातला माणूस होता, हवामान हा त्याचा छंद. आता मुख्य प्रकार दहा मानतात. सगळे पाठ करायची गरज नाही. पिंजलेल्या कापसाच्या धाग्यांसारखे उंचावरचे पांढरे ढग म्हणजे सिरस. ते बर्फाच्या कणांचे असतात आणि त्यातून पाऊस पडत नाही. तसाच पातळ पडदा पसरला, त्याला सिरोस्ट्रॅटस म्हणतात, की सूर्याला किंवा चंद्राला खळं, म्हणजे भोवती गोल कडं, पडतं. जुनी माणसं खळं बघून पावसाचं बोलायची. त्यात तथ्य आहे, कारण हा पडदा कधीकधी दूरवरच्या वादळी ढगाच्या माथ्याचाच पसरलेला भाग असतो.

माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं सकाळच्या ढगांवर. मधल्या उंचीवर ढगांची रांग, आणि तिच्यावर किल्ल्याच्या बुरुजांसारखे छोटे उंचवटे दिसले, तर वरची हवा अस्थिर आहे असं समजायचं. हे अल्टोक्युम्युलस कॅस्टेलेनस. खाली ओल असेल तर असा दिवस दुपारनंतर बिघडण्याची शक्यता बरीच. त्या दिवशी हळद पसरायची असेल तर ताडपत्री जवळ ठेवूनच पसरावी.

दुपारी बुडाशी सपाट, वर फुगीर असे क्युम्युलस दिसतात. ते बुटके राहिले तर काळजी नाही. पण एखादा उंच वाढत चालला, त्याच्या माथ्याची कडा धूसर झाली आणि माथा ऐरणीसारखा पसरला, की तो क्युम्युलोनिंबस झाला. त्याचा माथा १२ किलोमीटरच्याही वर जाऊ शकतो. आतले वरच्या दिशेचे झोत पाण्याचे थेंब वर नेऊन गोठवतात, त्यातून गारा होतात. खाली पडणारा पाऊस कोरड्या हवेत विरताना ती हवा गार आणि जड होते, जमिनीवर आदळून चारी बाजूंना सुटते. पाऊस न येता पत्रे उडतात आणि कैऱ्या झडतात ते यामुळंच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली, त्यांना या ढगाची ताकद वेगळी सांगायला नको.

आणि वीज. ती ढगापासून दहा किलोमीटर लांब, डोक्यावर ऊन असतानाही पडू शकते. वीज चमकल्यावर गडगडाट यायला लागणाऱ्या सेकंदांना तीननं भागलं की साधारण किलोमीटर मिळतात. पण खरं म्हणजे गडगडाट ऐकू आला तिथंच काम थांबवायचं. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं, झाडाखाली नाही, उघड्या शेडखाली नाही. जनावरंही झाडाला बांधू नका. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप आपल्या आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजांचा इशारा देतं. हवामान खातं पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशाराही काढतं. अडचण एवढीच की शेतात गेलेल्या बाईमाणसाकडं, गुराख्याकडं फोन नसतो. म्हणून माझं म्हणणं आहे की ग्रामपंचायतीनं हा तीन तासांचा इशारा भोंग्यावरून सांगावा. आमच्या ग्रामसभेत हा विषय मी मांडणार आहे. तुमच्या गावात असं कुठं सुरू असेल, तर कसं करता ते खाली नक्की लिहा.