पंखा बंद करा!

मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, चार माणसांच्या घरात "पंखा बंद करा!" म्हणून ओरडण्याची हिंमत मी केली. आई पानावर बसली होती, लेक मोबाईलवर लोळत होता, बायको आमरस वाढत होती. तिघांनीही आधी पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पंखा काही कुणी बंद केला नाही.

माझ्या उजव्या तर्जनीच्या टोकावर त्या वेळी 'कार्तिकेयन' होता. म्हणजे आडनावच फक्त. एक मिलिमीटर उंचीचं, ओलं, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.

मुळात चूक माझीच. २००५ साली नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्ये उतरला, असा पहिलाच भारतीय, तेव्हापासून त्याची ती जॉर्डन संघाची पिवळी गाडी माझ्या डोक्यात बसलीय. गाडीचा नंबर १९. त्याच वर्षी १९ जूनला इंडियानापोलिसला वीस गाड्या सुरुवातीच्या फेरीला निघाल्या आणि टायरच्या भानगडीपायी चौदा जणांनी तिथूनच गाड्या आत घेतल्या. उरल्या सहा. त्या सहांत आपला चौथा! पाच गुण!

"सहांत चौथा म्हणजे खालून तिसरा," असं आमच्या घरात वीस वर्षं ऐकवलं जातं. ऐकवणारीच्या भावाला सोसायटीच्या गणपतीत कॅरमचा तिसरा कप मिळाला होता. खेळायला तिघंच होते. तो कप अजून त्यांच्या शोकेसमध्ये आहे, पण ते असो.

तर ती गाडी मला लहान आकारात हवी होती, चौसष्टाव्या हिश्श्यात. खरी गाडी १८० सेंटीमीटर रुंद, माझी जेमतेम २८ मिलिमीटर. विकत मिळेना, म्हणून खेळण्यांच्या दुकानातून त्यातल्या त्यात तशी दिसणारी एक रेस कार आणली, तिचा रंग खरवडला आणि पिवळा मारला. रंग फार सुरेख बसला. तिथेच थांबायला हवं होतं. पण रंग सुरेख बसला की माणसाला आपल्या हाताबद्दल नको ते गैरसमज होतात.

नंबर आणि नाव घालायला डेकलचा कागद मिळतो. कागदावर सुटा होणारा डिंक, डिंकावर पारदर्शक पापुद्रा आणि पापुद्र्यावर आपण छापायचं. कापून पाण्यात टाकलं की डिंक विरघळतो, पापुद्रा सुटतो, तो गाडीवर सरकवायचा. सांगायला दोन वाक्यं लागतात. करायला मला तीन रविवार लागले.

पहिल्या रविवारी घरच्या इंकजेटवर छापलं आणि सरळ पाण्यात टाकलं. इंकजेटची शाई पाण्यात टिकत नाही, आधी वरून लॅकरचे हलके हात मारून ती बंद करावी लागते, हे ज्ञान मला वाटीतलं पाणी जांभळं झाल्यावर झालं. कार्तिकेयन विरघळला होता. मग कागद घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो, कारण लेझर प्रिंट पाण्याला दाद देत नाही. तिथल्या पोराने फाईल उघडली, मोठी केली, आणखी मोठी केली आणि म्हणाला, "काका, स्टिकर पाहिजे तर कोपऱ्यावर रेडियमवाला आहे. तो मोठं करून देतो."

प्रिंट आली. नंबर झकास, नाव झकास. तिरंग्याचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. प्रिंटरमध्ये पांढरा रंग नसतोच, कागद पांढरा असतो म्हणून आपल्याला पांढरं दिसतं. पारदर्शक पापुद्र्यावर पांढऱ्याच्या जागी काहीच छापलं जात नाही. पिवळ्या गाडीवर ठेवला तर केशरी, पिवळा, हिरवा असा कुठल्याही देशाचा नसलेला झेंडा तयार झाला. निळं चक्रही खालच्या पिवळ्यामुळे हिरवं पडलं. लेक म्हणाला, "बाबा, हा गुन्हा आहे ना?" शेवटी झेंड्याच्या मापाचा पांढरा ठिपका आधी ब्रशने गाडीवर काढला. तीन बाय दोन मिलिमीटर. त्या ब्रशला एकच केस होता असं म्हटलं तरी चालेल.

दुसऱ्या रविवारची गोष्ट सांगायला लाज वाटते. लहानपणी च्युइंगमबरोबर छाप मिळायचे, ते मनगटावर पालथे ठेवून ओल्या फडक्याने दाबायचे. त्या संस्कारात वाढलेल्या माणसाने डेकलही पालथाच दाबला. हा डेकल उताणा सरकवायचा असतो. परिणामी कार्तिकेयन आरशात वाचण्याजोगा झाला.

आता तिसरा रविवार आणि तो पंखा. जेवणाच्याच टेबलाच्या टोकाला माझा पसारा होता: कोमट पाण्याची वाटी, बायकोचा प्लकर, इअरबड, बशीत व्हिनेगर. तीस सेकंद भिजवलं. नाव सुटलं, पण गाडीवर न सरकता बोटावर आलं. दुसऱ्या बोटाने ढकललं तर त्या बोटावर गेलं. प्लकरने धरलं तर 'के'वर 'य' चढला. पुन्हा पाण्यात बुडवून हळूच उलगडलं. हा कार्यक्रम पाऊण तास चालला. घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता. पुसायला हात मोकळा नव्हता.

"अहो, आमरस गरम होतोय."

"होऊ दे!"

शेवटी एका क्षणी, का ते देव जाणे, नाव आपणहून गाडीच्या कडेवर जाऊन बसलं. इअरबडने पाणी टिपलं. व्हिनेगरचा एक थेंब दिला, त्याने पापुद्रा मऊ पडून वळणावर चिकटतो. जरा वेळाने पाहिलं तर अक्षरांच्या मागे चंदेरी झाक. रंग मॅट होता, आणि मॅट म्हणजे खडबडीत, त्यात हवा अडकते. आधी चकचकीत क्लिअर कोट मारायचा असतो. चौथा रविवार आला म्हणायचा.

नाव लागलं, झेंडा लागला. आता १९. पाण्यात पाहिलं, नाही. बशीत नाही, कोपरावर नाही, चष्म्यावर नाही. सगळ्यांना जागचे हलू नका म्हटलं. लेक तेवढ्यात दोनदा फ्रिजपर्यंत जाऊन आला.

"ही वाटी कुणाची गं?" आई म्हणाली. माझ्या वाटीतलं पाणी ओतून बायकोने तीच वाटी घाईघाईत विसळून तिला आमरस वाढला होता. आईने वाटी डोळ्यांजवळ नेली. "आपल्या भांड्यांवर तुझ्या बाबांचं नाव आहे. हिच्यावर एकोणीस घातलंय."

मी भिंग घेऊन पाहिलं. वाटीच्या बाहेरच्या गोलाईवर १९. सुरकुती नाही, बुडबुडा नाही, चंदेरी झाक नाही, रेषेत.

"पण घातलंय छान हो," आई म्हणाली आणि तिने बोटाने कड चाटली.