झाकणं काढू नका, किती वेळा सांगायचं!

आज पुन्हा तेच. स्टोअरच्या मागे, उघड्यावर, चार इंची बॉल व्हॉल्व्ह (आरपार भोक असलेला गोळा फिरवून पाइप बंद-चालू करणारी झडप) चिखलात पडलेला. फ्लँजची, म्हणजे पाइपाला जोडायच्या तोंडांची, प्लॅस्टिकची झाकणं कुठे गेली? आल्या दिवशीच कुणीतरी उपटून फेकली. आत बोट घातलं तर ओली वाळू आणि कुंभारमाशीचं घर. हाच उद्या लाइनीत बसणार आणि परवा 'व्हॉल्व्ह पास होतोय', बंद करूनही गळतोय, म्हणून रात्री दोनला मला फोन येणार!

स्टोअरमध्ये बॉल व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवायचा, गेट आणि ग्लोब जातीचे व्हॉल्व्ह बंद, हे सांगून घसा बसला माझा. अर्धवट ठेवला की बॉलची कड टेफ्लॉनच्या सीटमध्ये, बॉल ज्यावर घट्ट बसतो त्या कड्यात, रुतते. मग गळणार नाही तर काय होणार? आणि उचलताना हँडव्हीलला दोर कशाला बांधता? त्याचा दांडा, स्पिंडल, वाकला की कोण सरळ करणार?

पण डोकं खरं फिरतं ते दुरुस्तीच्या वेळी. लाइन रिकामी केली, गेजवर शून्य दिसलं, की निघाले पाना घेऊन! अरे, बंद बॉल व्हॉल्व्हच्या पोटात, दोन सीटांच्या मध्ये, दाब तसाच कोंडलेला असतो. आधी अर्धा उघडा, तो जाऊ द्या, मग नटाला हात लावा. परवा एका पोराने तसेच बॉडीचे नट ढिले केले. सुंऽऽ करून फवारा त्याच्या कानाजवळून गेला. विशीतला पोरगा! कुणी चुकून लाइन सुरू करू नये म्हणून लावायचं कुलूप नाही, टॅग नाही. म्हणे, "दोन मिनिटांचं काम होतं, साहेब." दोन मिनिटांसाठी डोळे घालवायचे?