करंजाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट

आज सकाळी दूध आणायला खाली उतरले आणि फाटकातच थबकले. आमच्या गल्लीतल्या करंजाच्या बुंध्याला अगदी चिकटवून पेव्हर ब्लॉक बसवलेले. फटींत सिमेंट, अजून ओलं. रात्रीतून काम उरकलं. तीन वर्षं जपलेलं आळं नाहीसं झालं. अजून हात थरथरतायत माझे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तीन वर्षांपूर्वी हे झाड शेंड्याकडून वाळायला लागलं होतं. सगळे म्हणाले, पाणी घाला. मी रोज दोन बादल्या ओतायचे आणि ते पाणी सरळ गटाराकडे पळायचं, मुरायचंच नाही. एका रविवारी बाबांची गावाकडची पहार घेऊन गेले आणि जोर लावून मारली. ठण्ण! कातळावर मारावी तशी उसळली. वर दोन बोटं धूळ, खाली मुरूम, विटांचे तुकडे, कुणाच्या तरी बांधकामाचा राडारोडा, आणि त्यावर वर्षानुवर्षं उभ्या केलेल्या गाड्या. झाड घुसमटत होतं आणि आम्ही त्याला पाणी पाजत होतो.

चांगल्या मातीत निम्मी जागा पोकळ असते, हवेसाठी आणि पाण्यासाठी. मुळांनाही श्वास लागतो. अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच पसरतात, आणि आपण रोलर फिरवतो तो नेमका तिथेच. करंज तर शेंगवर्गातला. मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्र स्वतः कमावणारं झाड! त्यालाच आपण हवा तोडली, आणि मग कुणीतरी येऊन मूठभर युरिया टाकून जातं. संताप होतो.

मी काय केलं होतं? फार काही नाही. पाऊस ओसरल्यावर, माती ओलसर पण हाताला न चिकटणारी असताना, बुंध्यापासून लांब, फांद्यांच्या टोकांखाली पहारीने दीड-दीड फुटाची भोकं पाडली. दोन-दोन फुटांवर. मूळ लागलं की तिथे थांबायचं, सरकून दुसरीकडे मारायची. भोकांत कंपोस्ट आणि चुरलेला पाचोळा भरला. वर चार बोटं पाचोळ्याचा थर, फक्त बुंध्याजवळ वीतभर जागा मोकळी, नाहीतर साल कुजते. (लाल मातीचा ढीग बुंध्याला लावू नका हो, कितीही सुंदर दिसला तरी.) कुदळीने खोल खणायचं नाही, मुळं तुटतात. एवढंच. दोन पावसाळे लागले. तिसऱ्या वर्षी पहार नुसती टेकवून दाबली तरी आत गेली, आणि वर काढल्यावर टोकाला गांडूळ होतं. मी रस्त्यावर उभी राहून रडले होते त्या दिवशी.

आणि ही माती मी विकत आणली नव्हती. झाडानेच टाकलेली पानं मी त्याला परत दिली. आपण काय करतो? मार्चमध्ये पानं गळाली की झाडून पोत्यात भरतो, नाहीतर कोपऱ्यात पेटवतो. उघड्यावर कचरा जाळण्यावर हरित लवादाने २०१६ मध्ये देशभर बंदी घातली, तरी दर उन्हाळ्यात आमच्या गल्लीत धूर असतोच. झाडाच्या तोंडचा घास आहे तो!

हो, फुटपाथ सपाट हवा. आमच्याच बिल्डिंगमधले आजोबा काठी घेऊन चालतात, मान्य आहे. पण म्हणून एक मीटरही सोडता येत नाही? दिल्लीतल्या झाडांसाठी हरित लवादाने २०१३ मध्येच सांगितलं होतं की बुंध्याभोवती एक मीटर सिमेंट नको. आमच्याकडे वृक्षसंरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. फांदी तोडली तर आपण आवाज उठवतो. मुळांवर झाकण बसवलं की कुणाला दिसतच नाही. मग जूनमधल्या पहिल्या वादळात झाड आडवं होतं आणि आपण म्हणतो, वाऱ्याने पडलं.

ब्लॉक बसवणारा माणूस हत्यारं न्यायला आला तेव्हा मी त्याच्यावर खूप ओरडले. ओरडायला नको होतं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, आम्हाला भिंतीपासून भिंतीपर्यंत सांगितलंय. शेतात झाडाशी असं केलं असतं तर बापानं फोडून काढलं असतं मला." मग न सांगता वाकला आणि सिमेंट घट्ट व्हायच्या आत बुंध्याभोवतीच्या दोन ओळी उचकटून दिल्या. पैसे देऊ केले, घेतले नाहीत. चहा घेतला.

खाली माती पुन्हा दाबून टाकलेली आहे. दुपारी पहार मारून पाहिली. ठण्ण. तोच आवाज.

वॉर्ड ऑफिसला अर्ज देणार आहे, उरलेले ब्लॉक मीटरभर मागे घ्या म्हणून. सह्या हव्यात. आणि रविवारी सकाळी सात वाजता मी झाडाखाली असेन. ज्यांच्याकडे पहार आहे त्यांनी पहार आणा, नसेल त्यांनी पोतंभर सुका पाचोळा आणा. प्लास्टिक काढून आणा फक्त. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांचं वर्षभराचं कंपोस्ट देते म्हणून आत्ताच फोन केला.