टेक्सास ते कॅलिफोर्निया किती मैल?

दोन राज्यांमधलं अंतर किती, हा प्रश्न ज्याने कोणी काढलाय ना, त्याला एकदा ह्यूस्टनहून एल पासोला गाडी चालवत पाठवायला पाहिजे. ७४५ मैलांच्या आसपास, म्हणजे १२०० किलोमीटर, अख्खा दिवस स्टीअरिंग धरून बसायचं आणि उतरल्यावर कळतं की आपण अजून टेक्सासमध्येच आहोत. वर एल पासोवाल्यांना कॅलिफोर्नियातलं सॅन डिएगो आमच्या ह्यूस्टनपेक्षा जवळ! तर आता सांगा, टेक्सास ते कॅलिफोर्निया किती मैल? आमच्या चिरंजीवांच्या क्विझमध्ये हाच प्रश्न, खाली चार ऑप्शन.

"अरे पण कुठून कुठपर्यंत? बॉर्डर ते बॉर्डर, राजधानी ते राजधानी, की मधोमध टाचणी टोचून?"

"आई, तू फक्त आन्सर सांग ना."

घ्या! बरं बॉर्डर धरावी तर युटा, कोलोरॅडो, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको एका टिंबावर भेटतात, म्हणजे अंतर शून्य, तिथे लोक दोन हात दोन पाय चार राज्यांत टेकवून ओणवे होऊन फोटो काढतात.

पुढचे प्रश्न तर निव्वळ छळायलाच काढलेले. रेनो हे लॉस एंजेलिसच्या पश्चिमेला आहे, खरं की खोटं? रेनो नेवाडात, नेवाडा कॅलिफोर्नियाच्या पूर्वेला, म्हणजे खोटं, शेंबडं पोरही सांगेल. तर ते निघालं खरं, कारण कॅलिफोर्निया खाली येता येता पूर्वेकडे कलंडलाय. आफ्रिकेला सगळ्यात जवळचं राज्य? नवरा मीटिंगमध्ये होता, तरी माईक म्यूट करून "फ्लोरिडा!" ओरडला. उत्तर मेन! ते वर कॅनडाला चिकटून गारठलेलं मेन!

मग दुसरा राउंड. कोऱ्या नकाशावर राज्य ओढून ठेवायचं, चुकलं की किती मैलांनी चुकलं ते लाल अक्षरात येतं. फ्लोरिडाला निदान नाकडोळे तरी आहेत हो, पण वायोमिंग आणि कोलोरॅडो म्हणजे पट्टीने आखलेले दोन चौकोन, ४१व्या अक्षांशावर एकावर एक ठेवलेले, आणि नकाशा रिकामा असताना पहिलंच वायोमिंग आलं तर ते टेकवायचं कशाला? पोराने कोलोरॅडोच्या जागी ठेवलं. जवळजवळ ३०० मैल चूक! नुसता चौकोन खाली सरकला तर एवढा आरडाओरडा.

तेवढ्यात साताऱ्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. "काय गं, न्यू जर्सी तुम्हाला लांब पडतं का? खालच्या काकूंची लेक परवा निघतेय तिकडे, भाजणी आणि मेतकूट देते तिच्याकडे, जाऊन घेऊन या."

पोरगा आता चांगलाच तयार झालेला. "आजी, कुठून कुठपर्यंत? बॉर्डर ते बॉर्डर?"

"अरे, तिच्या घरापासून तुमच्या घरापर्यंत, आणखी कुठून मोजणार!"

१६०० मैल आहे म्हणा, भाजणीवर पाणीच सोडायचं, पण निदान प्रश्न तरी धड विचारला कोणीतरी.