मशीन हलकं असेल तर 2.2 किलोवॅट नको : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

नव्यांनी हलक्या सीएनसीवर (संगणकाच्या आज्ञेनुसार कापणारं मशीन) कटर फिरवायला ट्रिम राऊटर, म्हणजे लाकडाच्या कडा कापायचं हातातलं छोटं यंत्र, बसवावा असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर 'ट्रिम राऊटर हे सुताराचं हत्यार. ते सीएनसीवर बसवायला सांगून नव्या पोरांची दिशाभूल करू नका. सरळ 2.2 किलोवॅटचा वॉटर-कूल्ड स्पिंडल घ्यावा, 24,000 आरपीएमला सफाईदार काम होतं,' असं तुम्ही लिहिलंत. (स्पिंडल म्हणजे कटर फिरवणारी खास मोटर, आरपीएम म्हणजे मिनिटाला फेरे.) गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत रोज मशीन चालवणाऱ्या माणसाचं म्हणणं आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

आवाजाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. राऊटर किंचाळतो. दुपारी आमचा वाडा झोपलेला असतो तेव्हा मी तो लावतच नाही. कार्बन ब्रश झिजतात, एमडीएफची धूळ आत जाते, हेही खरं. शिवाय एक गोष्ट माझ्याकडून राहिलीच. दुकानात मिळणारे बरेच ट्रिम राऊटर एकाच वेगाचे असतात, 30,000 किंवा त्याहून जास्त. तसला घेऊ नका, 10,000 पर्यंत खाली येणाराच घ्या, हे लेखात ठळक लिहायला हवं होतं. ती दुरुस्ती आज केली.

2.2 किलोवॅटचं मात्र पटत नाही. तुमचं मशीन जड फ्रेमचं, लिनिअर रेलवर पळणारं. मी ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांचं मशीन ॲल्युमिनियम प्रोफाइलचं, प्लास्टिकच्या चाकांवर आणि बेल्टवर चालणारं. राऊटर दोन किलोच्या आतबाहेर, तुमचा स्पिंडल क्लॅम्प आणि नळ्यांसकट पाचाच्या घरात. चवथीच्या मखराची जाळी कापायला मी एकदा मित्राचा 1.5 किलोवॅटचा स्पिंडल आणून बसवला होता. 12 मिमीच्या प्लायवर प्रत्येक कोपऱ्याला गॅन्ट्री (कटर धरणारा आडवा पूल) थरथरायची. गोल भोकं अंडाकृती आली, कडेवर लाटा उठल्या. ताकद भरपूर होती, पण ती पेलणारा सांगाडा नव्हता.

आता 24,000 चं. माझं मशीन मिनिटाला 1,000 मिमीच्या पुढे नीट चालत नाही. दोन धारांचा कटर 24,000 ने फिरवला तर प्रत्येक धारेच्या वाट्याला जेमतेम 0.02 मिमी लाकूड येतं. तेवढ्यात धार कापत नाही, घासते. फणसाच्या फळीवर हे करून बघा: हाताला गरम, पिठासारखी भुकटी लागते आणि कड काळी पडते. तोच कटर 10,000 ला आणला की 0.05 मिमी मिळतं, तळहातावर सुटे छिलके दिसतात आणि कटर थंड राहतो. तुमच्याकडे फीड (कटर पुढे सरकायचा वेग) तिप्पट-चौपट असणार, म्हणून तुम्हाला 24,000 मानवतं.

आणि 2.2 हा आकडा 24,000 आरपीएमचा, म्हणजे 400 हर्ट्झचा आहे. 12,000 ला आणलात की त्यातले निम्मेच किलोवॅट उरतात. इकडे घरात 16 अँपिअरचा प्लग. सिंगल फेजवर स्पिंडलचा व्हीएफडी (त्याला वीज देऊन वेग ठरवणारा डबा) पूर्ण भाराला त्याच्या पलीकडे करंट ओढतो, म्हणजे वेगळी लाइन आलीच. व्हीएफडीत 400 हर्ट्झची सेटिंग न तपासता स्पिंडल 50 हर्ट्झवरच्या साध्या मोटरसारखा चालवला तर वाइंडिंग जळतं, ते वेगळंच.

सगळ्यात काळजीची बाब अर्थिंगची आहे. स्वस्त स्पिंडलच्या चार पिनांच्या सॉकेटमधली चौथी पिन पुष्कळदा आत कशालाच जोडलेली नसते. मित्राच्या स्पिंडलवर मल्टिमीटरची एक टोचणी त्या पिनेला आणि दुसरी बॉडीला लावली, बीप आलाच नाही. वरचं झाकण उघडून आम्ही बॉडीला अर्थ वायर कसली. जुलैत ओल धरलेल्या लादीवर अनवाणी उभं राहून काम करणाऱ्या पोराला हे कुणीतरी सांगायलाच हवं.

राऊटरवर हात बसला आणि आवाज सहन होईना, तर पुढची पायरी 800 वॉटचा 65 मिमीचा स्पिंडल. बऱ्याच ट्रिम राऊटरचा व्यासही 65 मिमीच असतो, त्यामुळे क्लॅम्प तोच चालतो. त्यात ईआर-11 कोलेट (कटर पकडणारी कडी) असल्यामुळे 6 मिमीचा कटर आरामात बसतो. मशीनला बेल्टऐवजी बॉलस्क्रू आणि चाकांऐवजी रेल आल्या, की मग 1.5 किंवा 2.2 चा विचार मीच करायला सांगेन.

एक विनंती. 6 मिमीच्या कटरने सागवानात आणि फणसात तुम्ही किती आरपीएम, किती फीड आणि एका पासला किती खोली ठेवता, ते आकडे पाठवाल का? तुमच्या मशीनच्या वर्णनासकट ते मी मूळ लेखात जोडतो.