मूल जाड, मग वर्ग आईबापांना कशाला?

शाळा सुरू झाल्या की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. शब्द इकडेतिकडे होतात, मुद्दे तेच. मोबाइलने पोरं जाड केली आणि आता त्याच मोबाइलवर ऑनलाइन वर्ग भरवून आईबापांना ‘निरोगी सवयी’ शिकवायला निघालेत, निव्वळ धंदा आहे. गुटगुटीत मूल उंची वाढली की आपोआप सुटसुटीत होतं. काहींचा बांधाच तसा, नाहीतर थायरॉइड. आणि खरंच बारीक करायचं असेल तर भात-साखर बंद करा, दोन रट्टे द्या, मैदानावर पिटाळा. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग.

मोबाइलचा टोमणा चुरचुरीत आहे, पण या वर्गांत मोबाइल मुलाच्या हातात नसतोच. विद्यार्थी आईबाप असतात, आणि त्याला कारण आहे. इस्रायलमध्ये मोरिया गोलान यांनी ६ ते ११ वयाच्या ६० लठ्ठ मुलांची दोन गटांत विभागणी केली. एका गटात फक्त आईवडिलांना शिकवलं, दुसऱ्यात फक्त मुलांना. १९९८ साली निकाल छापून आला: ज्यांच्या फक्त आईबापांना बोलावलं होतं, त्या मुलांचं वजन जास्त आटोक्यात आलं. मुलांच्या गटात मधेच सोडून जाणारेही जास्त निघाले. पुढे अमेरिकेत सॅन दिएगोला ८ ते १२ वयाच्या मुलांच्या १५० कुटुंबांवर अशीच तुलना झाली, २०१७ साली ती प्रसिद्ध झाली. आईबापांना एकट्याने शिकवणं हे मुलासकट शिकवण्यापेक्षा कुठेही कमी पडलं नाही.

यात नवल काय? महिन्याचा किराणा नऊ वर्षांचं पोर भरत नाही. रात्री बाबा टीव्हीसमोर शेवेची पिशवी फोडून बसलेत, आई उभ्या उभ्या पोराच्या ताटातलं उरलंसुरलं संपवतेय, आणि पोराला मात्र काकडी खायचा उपदेश. हे दृश्य बदलल्याशिवाय मुलाला दिलेला डाएटचा कागद फ्रिजच्या दारावर नुसता पिवळा पडतो. म्हणून या वर्गांत शिकवतात ते अगदी साध्या गोष्टी: बिस्किटांचा पुडा लपवायचा नाही, आणायचाच नाही. चांगल्या मार्कांचं बक्षीस चॉकलेट नको. जेवताना टीव्ही बंद, मोठ्यांचाही. आठवडाभर वहीत लिहायचं, मुलाने काय खाल्लं ते नव्हे, आपण त्याच्यासमोर काय खाल्लं ते. आणि सगळ्यात अवघड धडा म्हणजे आजीला कसं सांगायचं. “आई, त्याने नको म्हटलं ना, मग राहू दे,” हे वाक्य न चिडता म्हणायला खरोखर सराव लागतो.

हा सराव स्क्रीनवर का होऊ नये? तालुक्याच्या गावाला आहारतज्ज्ञ नसतो, बाबांची पाळी रात्रीची असते, आईला सुट्टी मिळत नाही. पोर झोपल्यावर साडेनऊला तासभर बसणं जमतं. फायदा एकट्या मुलाचा होतो असंही नाही. लेनर्ड एपस्टीन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांमार्फत ६ ते १२ वयाच्या ४५२ मुलांच्या कुटुंबांना दोन वर्षं असं मार्गदर्शन दिलं. २०२३ साली निकाल आला तेव्हा आईवडिलांचंही वजन सुधारलेलं होतं, आणि ज्या भावंडांवर कुणी उपचारच केला नव्हता त्यांचंही.

आता बाळसं. दोन वर्षांच्या पोराबद्दल ‘झडेल’ म्हणणं समजू शकतो. नऊ वर्षांच्या मुलीच्या अंगावर असतं त्याला बाळसं म्हणत नाहीत. अनेक अभ्यास एकत्र करून २०१६ साली काढलेला हिशोब सांगतो की लहानपणी लठ्ठ असलेली सुमारे ५५ टक्के मुलं किशोरवयातही लठ्ठच राहतात, आणि लठ्ठ किशोरांपैकी सुमारे ८० टक्के मोठेपणीही. (उलट बाजूही त्याच हिशोबात आहे: बहुतेक लठ्ठ मोठी माणसं लहानपणी लठ्ठ नव्हती. सडसडीत पोराच्या आईबापांनी उगाच कॉलर ताठ करू नये.)

आपल्याकडे तर डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा आत जास्त असतं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघा डॉक्टरांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली ५ ते १८ वयासाठी काढलेल्या तक्त्यांत धोक्याची रेघ परदेशी तक्त्यांपेक्षा अलीकडे ओढली आहे. एक खूण घरीही दिसते: मानेच्या मागे काळपट, मखमली पट्टा. मळ समजून आया तो डाळीच्या पिठाने घासत बसतात. तो घासून जात नाही. शरीरात इन्सुलिन नीट लागू पडत नसल्याची ती खूण असू शकते. अशा मुलाला डॉक्टरांना दाखवायचं असतं.

थायरॉइडचं एका परिच्छेदात आटपतं. हार्मोनच्या बिघाडाने वजन वाढलेलं मूल बहुधा उंचीलाही मागे पडतं. वर्गात सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत जाड असेल, तर दोष थायरॉइडचा असण्याची शक्यता फार कमी. शंका असेल तर तपासून घ्या आणि विषय संपवा. अनुवंशाचा वाटा खरा आहे, पण घराण्याकडून जीन्सबरोबर तळणीची कढईही आलेली असते.

‘भात-साखर बंद, दोन रट्टे’ हा सल्ला मात्र घातक आहे. जेनिफर फिशर आणि लीन बर्च यांनी १९९९ साली दाखवलं की समोर दिसणाऱ्या खाऊवर बंदी घातली की मुलांचं लक्ष त्याच खाऊवर जास्त खिळतं. घरात बंदी असलेली पोरं शेजारच्या वाढदिवसाला काय करतात ते आपण पाहतोच. ‘ढोल्या’ म्हणून चिडवल्याने कुणी बारीक झाल्याचं ऐकिवात नाही; चिडवली जाणारी मुलं खेळ टाळतात आणि लपून खातात. शिवाय वाढत्या वयात बऱ्याचदा वजन उतरवायचं नसतंच, थोपवून धरायचं असतं. उंची वाढते आणि प्रमाण जुळतं. उंचीचा मुद्दा त्या मजकुरात आहे, पण वजन थोपवायची अट गाळून. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी केलेली वाटणी मला यात सगळ्यांत कामाची वाटते: काय, कधी, कुठे वाढायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं ते मुलाने. ‘ताटात काही टाकायचं नाही’ या आपल्या शिस्तीला ती थेट आडवी जाते, पण त्यावर उपाय आहे. पहिलं वाढप कमी ठेवा.

राहिला धंद्याचा आरोप. तो निम्मा खरा आहे. ऑस्ट्रेलियात वोलोंगाँग विद्यापीठाने शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांच्या पालकांसाठी ११ आठवड्यांचा ‘टाइम टू बी हेल्दी’ हा ऑनलाइन कार्यक्रम तपासला. २०१९ च्या निकालात अरबट-चरबट खाणं कमी झालं, बळेच भरवणं कमी झालं, पालकांचा आत्मविश्वास वाढला. मुलांच्या बीएमआयमध्ये मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे ऑनलाइन म्हणून जादू नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेची २०२३ ची शिफारस ३ ते १२ महिन्यांत किमान २६ तास प्रत्यक्ष मार्गदर्शनाची आहे. चार रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंनी त्यातलं काहीच भरत नाही.

तेव्हा पैसे भरण्याआधी विचारा: एकूण तास किती, समोर जिवंत माणूस आहे का, तो आहारतज्ज्ञ किंवा डॉक्टर आहे की नुसता ‘कोच’, मुलाची उंची विचारतात की फक्त वजन, आणि शेवटी पावडरीचा डबा गळ्यात मारतात का. मुलाचा ‘आधी-नंतर’ फोटो मागणारा वर्ग असेल तर फी विचारायचीही गरज नाही.